बाराव्यानंतर: वाड्यावरची माणसं की समुपदेशक?

बाबा गेले तेव्हा गोव्यातल्या डिचोलीच्या घरी बारा दिवस माणसांचा राबता होता. काकीने चूल सांभाळली, शेजारणी पेज आणायच्या, संध्याकाळी भजन. आई त्यावरच तगली. त्या दिवसांत माणसांना पर्याय नाही, असं मी आजही ठामपणे म्हणेन.

तेराव्या दिवशी घर सुनं झालं. पुढे दोन महिने आई धड झोपली नाही, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जाणंही सुटलं. येणारा प्रत्येकजण ‘धीर धर गो’ एवढंच सांगे. प्रेमानेच, पण त्यामुळे तिचं बोलणंच खुंटलं.

समुपदेशक धीर धरायला सांगत नाही. दिवस कसा जातो हे विचारतो, सुटलेली कामं एकेक करून पुन्हा हाती घ्यायला मदत करतो. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत याची चाचणी झाली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती; बैठका सहा ते आठ. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले, फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९ टक्के.

म्हणून झोप, जेवण आठवडेच्या आठवडे परतलं नाही, तर थांबू नका. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास. आईने फोन केला तेव्हा काकी शेजारीच बसली होती.