गोलकीपरची ट्रॉफी आणि मुलीची ट्रॉफी, दोन्ही मनासारख्या बनवून देणारं बडोद्याच्या रावपुऱ्यातलं दुकान

५ पैकी ४ स्टार देतेय, एक का कापला ते पुढे येईलच.

आमच्या एरियातल्या मुलामुलींची अंडर-फिफ्टीन फुटबॉल स्पर्धा दरवर्षी उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीच्या, आधी असते, मुलांच्या ६ टीम आणि यंदा पहिल्यांदाच मुलींच्या ३. बक्षिसांचं काम माझ्याकडे असतं. यंदा आम्ही ठरवलं की नुसता विनर-रनरअप कप द्यायचा नाही, ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन जसं दरवर्षी देशातल्या बेस्ट प्लेयरला अवॉर्ड देतं, मुलांमध्ये एक आणि मुलींमध्ये एक, तसं आपणही 'वर्षातला सर्वोत्तम खेळाडू' द्यायचा. आणि निवडायची पद्धतही तिथलीच घेतली. भारताचा गोलकीपर गुरप्रीत सिंग संधूला २०१९-२० चं अवॉर्ड मिळालं तेव्हा आयएसएल आणि आय-लीग या देशातल्या मोठ्या लीगमधल्या क्लबांच्या कोचनी मतं दिली होती, म्हणून आमच्याकडेही सगळ्या टीमच्या कोचनी चिठ्ठीवर नावं लिहायची, फक्त स्वतःच्या टीमचं नाव लिहायचं नाही. हे छान झालं कारण दरवेळी जास्त गोल करणाऱ्यालाच बक्षीस जायचं आणि मागे जीव तोडून खेळणारी पोरं तशीच घरी जायची.

तर चिठ्ठ्या उघडल्या आणि मुलांमध्ये निघाला गोलकीपर! सेमीफायनलच्या पेनल्टीत दोन अडवल्या होत्या त्याने, पण मतं त्यामुळेच मिळाली असं मला नाही वाटत, सगळी स्पर्धाभर तो मागून ओरडून ओरडून डिफेन्स लावून घेत होता ते कोच लोकांनी बघितलं होतं. फेडरेशनचं हे अवॉर्ड १९९२ पासून आहे, विजयनला तीनदा मिळालं, भुतियाला दोनदा, छेत्रीला तर सात वेळा, पण गोलकीपर म्हणाल तर २००९ मध्ये सुब्रत पाल आणि मग थेट गुरप्रीत. म्हणजे मधे दहाएक वर्षं गेली. मी हे त्या मुलाला सांगितलं तर तो काही बोललाच नाही, ग्लोव्हज काढत बसला, कान मात्र लाल झाले होते.

आता ट्रॉफी. बडोद्यात ट्रॉफीच्या दुकानात शिरलं की क्रिकेटच क्रिकेट, हजारेंपासून पंड्यांपर्यंत गावच क्रिकेटचं, त्यामुळे बॅट्समन हवा तर वीस प्रकार, बोलर आहे, विकेटकीपरसुद्धा आहे. फुटबॉलचा मात्र एकच पुतळा, शॉर्ट केसांचा एक मुलगा उजव्या पायाने बॉल मारतोय, सोनेरी प्लास्टिकचा. हा पुतळा मी गेली कित्येक वर्षं बघतेय, सगळ्या दुकानांत तोच. आता आमचे विनर कोण, तर एक गोलकीपर आणि एक डाव्या विंगवर खेळणारी, लांब वेणी घालणारी मुलगी. दोघांनाही तो पुतळा चालणार नव्हता.

आधी दोन दुकानांत विचारलं. एका ठिकाणी सांगितलं 'फुटबॉल तो फुटबॉल छे बेन', दुसऱ्याने मुलीसाठी बॅडमिंटनवाली बाई काढून दाखवली, म्हणे रॅकेट तोडून देतो. मला खरंच वाईट वाटलं. ओइनाम बेमबेम देवीला देशातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून २००१ मध्ये अवॉर्ड मिळालं होतं, परत २०१३ मध्ये मिळालं. मनीषा कल्याणला लागोपाठ दोन वर्षं मिळालं, तिने २०२१ मध्ये ब्राझीलविरुद्ध ब्राझीलमध्ये जाऊन गोल मारलाय. नंतर इंदुमती कतिरेसन, जी तामिळनाडू पोलिसात सब-इन्स्पेक्टर आहे, मग सौम्या गुगुलोत. इतकी वर्षं झाली आणि आमच्या पोरीला तुटक्या रॅकेटची बाई?

मग एका पालकांनी या दुकानाचं सांगितलं. रावपुरा टॉवरकडून दांडिया बाजारच्या दिशेला निघालात की आतल्या गल्लीत आहे, बाहेरून अगदी छोटं दिसतं, गाडी लावायला जागा अजिबात नाही, सूरसागरच्या बाजूला लावून चालत या. दुकानात काका एकटेच बसतात, मुलगा कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. मी सगळं सांगितलं, काकांनी पूर्ण ऐकून घेतलं, मधे एकदाही 'हे असंच येतं' म्हणाले नाहीत. मग विचारलं, 'बेन, ए छोकरानो फोटो छे? डाइव मारतो होय एवो?' होता माझ्या मोबाइलमध्ये, सेमीफायनलचा, एका पालकांनी काढलेला. मुलीचाही होता, बॉल घेऊन पळताना, वेणी हवेत. काका म्हणाले 'थई जशे, मोकलो', म्हणजे होऊन जाईल, पाठवा.

त्यांनी केलं काय तर पुतळा काढूनच टाकला. ८ एमएमच्या ॲक्रिलिकमध्ये त्या फोटोवरून आकृती लेझरने कापली, चेहरा वगैरे नाही, नुसती सावलीसारखी, पण बघितल्या बघितल्या कळतं की हा आपला कीपर, तीच आडवी उडी आणि हात तसाच ताणलेला. मुलीची वेणी सुद्धा बरोबर कापलीय, मला वाटलं होतं एवढं बारीक तुटेल पण काकांनी तिथे जाडी थोडी ठेवली. खाली लाकडाचा बेस, काळा पॉलिश, वजनदार. दोन्ही ट्रॉफ्या १४ इंचाच्या, सेम टू सेम किंमत, हे मी मुद्दाम सांगून घेतलं होतं, मुलीची एक इंचसुद्धा लहान नको म्हणून.

प्लेटबद्दल थोडं जास्त लिहिते कारण फसवणूक इथेच होते. गेल्या वर्षी दुसरीकडून आणलेल्या कपांवर सोनेरी स्टिकर होतं, पावसाळ्यात निघून आलं, एका मुलाच्या कपावर आता नावच नाही. इथे पितळेच्या पत्र्यावर मशीनने कोरून देतात, बोट फिरवलं की अक्षर लागतं हाताला. नाव मराठीत पाहिजे म्हटलं तर चालेल म्हणाले. आमच्या कीपरच्या आडनावात ळ आहे, पहिल्या प्रूफमध्ये ल आला, मी व्हॉट्सॲपवर कळवलं, दुसऱ्यात ळ आला पण 'सर्वोत्तम'चा रफार गायब. तिसऱ्यात सगळं बरोबर. मुलगा जराही वैतागला नाही, उलट म्हणाला गुजरातीत पण ळ आहे बेन, माझ्या फॉन्टमध्येच गडबड होती. तुम्ही ऑर्डर दिलीत तर प्रूफ मागाच आणि घरातल्या कुणाला तरी दाखवा, कोरलेलं परत पुसता येत नाही.

आता एक स्टार का कापला. चार दिवस सांगितले होते, सात लागले. लेझरचं काम बाहेरून करून आणतात आणि त्या आठवड्यात अर्धं गाव मांडवी-गेंडीगेटकडे पतंग-दोऱ्यात, कारागीर कुठून मिळणार, हे मला समजतं, पण मग आधीच सात सांगायचे ना. बक्षीस समारंभ रविवारी संध्याकाळी होता आणि ट्रॉफ्या हातात आल्या रविवारी दुपारी दीडला, सकाळपासून माझ्या पोटात गोळा. शिवाय मुलीच्या ट्रॉफीचा खालचा नट ढिला होता, आकृती हलत होती. दुकानातच हलवून बघितलं म्हणून कळलं, काकांनी लगेच पाना घेऊन कसून दिलं. ट्रॉफी कुठूनही घ्या, उचलून उलटी करून नट बघायचाच. आणि बॉक्सचे वेगळे पैसे घेतले ते बिलाच्या वेळी कळलं, एका बॉक्सचे ६० रुपये. ट्रॉफी ८५० ला एक पडली, प्लास्टिकच्या पुतळ्यावाली चारशेत मिळते, फरक आहे पण मला तरी जास्त वाटला नाही.

समारंभात त्या मुलीने ट्रॉफी घेतली आणि पहिल्यांदा वेणीवरून बोट फिरवलं, मग आईकडे वळून म्हणाली, 'आई, ही मीच आहे.' कीपरच्या आजोबांनी चष्मा लावून नाव मोठ्याने वाचलं, ळ सकट.

दोन्ही डिझाइन काकांच्या कॉम्प्युटरमध्ये सेव्ह आहेत, 'कीपर' आणि 'छोकरी' अशा नावांनी. मी त्यांना सांगितलंय की कुणी फुटबॉलची ट्रॉफी मागितली तर ही पण दाखवत जा, आणि ते म्हणाले नमुना म्हणून एकेक बनवून शोकेसमध्ये ठेवतो, डिझाइन तयार असल्यामुळे पुढच्यांना शंभरेक रुपये कमी पडतील. त्यामुळे जाल तेव्हा शोकेसमध्ये दिसली नाही तरी विचारा, आणि तारखेच्या निदान दहा दिवस आधी जा.