डीएमएसओ हे सॉल्व्हंट वापरून बघितलं, जुन्या डीएमएफला सुट्टी द्यावी का?

सल्फोनेटेड पीक (PEEK नावाच्या प्लास्टिकचा प्रकार), म्हणजे ज्या पॉलिमरच्या साखळीवर आम्लाचे चार्ज असलेले गट लटकलेले असतात ते, त्याचे प्रोटॉन वाहून नेणारे मेम्ब्रेन (पातळ पडदे) कास्ट करायला, म्हणजे द्रावण काचेवर ओतून सुकवायला, आम्ही वर्षानुवर्षं डीएमएफ हे सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) वापरत होतो. विरघळतं मस्त, पण गर्भाला अपाय करणारं सॉल्व्हंट, आणि वर गरम केलं की त्यातून थोडं डायमिथाइल अमाइन सुटतं आणि ते नेमकं आम्लाच्या गटालाच जाऊन चिकटतं, मग प्रोटॉन वाहणार कसा? ते काढायला मेम्ब्रेन आम्लात धुवत बसा.

म्हणून डीएमएसओची बाटली मागवली. पहिल्याच दिवशी फजिती! थंडीत बाटली अख्खी गोठलेली, कारण हे १८.५ अंशाला घट्ट होतं, मी आपला खराब माल आला म्हणून सप्लायरवर भडकलो. कोमट पाण्यात ठेवली की झालं. पॉलिमर विरघळायला जरा वेळ घेतं पण काचेवर ओतल्यावर फिल्म अगदी स्वच्छ आली, बुडबुडा नाही.

त्रास सुकवताना. डीएमएसओ १८९ अंशाला उकळतं, डीएमएफ १५३ ला, त्यामुळे व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवूनही थोडं आत राहतंच, शेवटी पाण्यात बुडवून काढावं लागतं. घाई करून तापमान मात्र वाढवू नका, आम्लासोबत जास्त तापलं तर डीएमएसओचं धोकादायक रीतीने विघटन होऊ शकतं. आणि ग्लोव्हज घालाच हां, स्वतः फारसं विषारी नसलं तरी त्यात विरघळलेले बरेच पदार्थ त्वचेतून आत घेऊन जातं.

पाचपैकी चार. एक स्टार सुकवण्याचा कापला.