सीटी, एमआरआय की पाणी काढून बघणं? वृद्धांच्या ‘मेंदूतल्या पाण्या’चा निर्णय

‘व्हेंट्रिकल्स मोठी दिसतात, वयोमानानुसार मेंदू आकसल्यामुळे असावे.’ वयस्कर माणसाच्या स्कॅनच्या रिपोर्टवर मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांबद्दलची ही ओळ इतक्यांदा असते की घरचे ती वाचून फाइल मिटतात. पण कधी त्याखाली आणखी एक ओळ येते, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफलसची, म्हणजे दाब न वाढता मेंदूत पाणी साचण्याच्या आजाराची, शक्यता तपासावी अशी. मग प्रश्नांची रांग लागते. सीटी झालाय, तर एमआरआय कशाला? पाठीतून पाणी काढायचं का? की सरळ शंट, म्हणजे जादा पाणी शरीरात दुसरीकडे वळवणारी नळी, बसवायचा?

मेंदूभोवतीचं आणि त्याच्या पोकळ्यांमधलं पाणी एका वेळी सुमारे १५० मिली असतं आणि दिवसाला जवळपास ५०० मिली नवं तयार होतं. येणं-जाणं बिघडलं की पोकळ्या फुगतात. या आजाराची खोच अशी की पाठीतून मोजलेला दाब नेहमीच्या मर्यादेतच सापडतो. कोलंबियाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम आणि बॉस्टनचे रेमंड अॅडम्स यांनी १९६५ साली त्याचं वर्णन केलं. चाल बिघडणं, लघवी न आवरणं आणि बुद्धी मंदावणं हे त्रिकूट तेव्हापासून हाकिमच्या नावानं ओळखलं जातं. आधीच्या मेंदूज्वरानंतर, रक्तस्रावानंतर किंवा डोक्याच्या माराने हे झालं तर कारण हाती लागतं. वृद्धांत बहुधा कारण सापडत नाही.

स्कॅनची तुलना करण्याआधी चालीकडे बघा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर टेकलेले आहेत. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं आखूड, दोन पायांतलं अंतर वाढलेलं, बोटं बाहेर वळलेली. वळताना माणूस चार-पाच छोटी पावलं टाकत अख्खा फिरतो. पार्किन्सनशी गल्लत होते ती इथेच. पण पार्किन्सनमध्ये हात हलायचे थांबतात, बहुधा एका बाजूचा आधी, आणि पाय जवळ जवळ पडतात. इथे हात बऱ्यापैकी झुलत असतात. जमिनीवर आखलेल्या पट्ट्या ओलांडत चालायला सांगितलं तर पार्किन्सनचा माणूस अनेकदा सुधारतो, मेंदूत पाणी साचलेल्याला तेवढा फायदा होत नाही. पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाच्या गोळ्यांनीही फारसा फरक पडत नाही.

अल्झायमरशी तुलना क्रमावरून करा. तिथे आधी विसरणं सुरू होतं, चाल बऱ्याच उशिरा ढासळते. इथे चाल पहिली. बुद्धीचा प्रकारही वेगळा असतो: माणूस संथ होतो, कशात रस घेत नाही, कामाची आखणी जमत नाही, पण थोडी खूण दिली की विसरलेली गोष्ट आठवते. लघवीची सुरुवात बहुधा घाईने होते, कपडे ओले होणं नंतर. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, हे मात्र ध्यानात ठेवा. डॉक्टरांकडे जाताना चालण्याचा, वळण्याचा आणि खुर्चीतून उठण्याचा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा. तपासणीच्या खोलीत माणूस नेमका छान चालून दाखवतो!

आता स्कॅन. सीटी काही मिनिटांत होतो, साध्या पेसमेकरची अडचण नाही, गोंधळलेल्या माणसालाही तेवढा वेळ स्थिर ठेवता येतं. क्ष-किरण लागतात, पण या वयात मला तो मोठा मुद्दा वाटत नाही. गाठ आहे का, कवटीखाली रक्त साचलंय का, पोकळ्या खरंच मोठ्या आहेत का, या प्रश्नांना सीटी पुरतो. पोकळ्यांचं माप ‘इव्हान्स इंडेक्स’ने घेतात: पोकळ्यांच्या पुढच्या टोकांची (शिंगांची) सर्वाधिक रुंदी भागिले त्याच कापातली कवटीची आतली सर्वाधिक रुंदी. ०.३ च्या वर गेलं की पोकळ्या मोठ्या. पण हा आकडा कित्येक ठणठणीत वृद्धांतही ओलांडलेला असतो, म्हणून एवढ्यावर कुणी शंटची भाषा करत असेल तर थांबा.

खरा प्रश्न आहे पोकळ्या का फुगल्या हा. मेंदू आकसला की सगळीकडची जागा वाढते, माथ्यावरच्या खाचाही रुंदावतात. या आजारात उलटी गंमत दिसते: कानाच्या वरच्या बाजूच्या सिल्व्हियन खाचा रुंद, पण माथ्याजवळच्या खाचा दाबून बंद झाल्यासारख्या. डॉक्टर मंडळी याला ‘डेश’ म्हणतात, आणि जपानमधल्या संशोधकांनी या खुणेला विशेष महत्त्व दिलं. दुसरी खूण म्हणजे उभ्या छेदात दोन पोकळ्यांच्या छतांमधला कोन, कॅलोसल अँगल. तो ९० अंशांपेक्षा कमी असला तर संशय पक्का होत जातो, नुसत्या आकसलेल्या मेंदूत तो बहुधा जास्त असतो.

या दोन्ही खुणा एमआरआयवर स्वच्छ दिसतात. शिवाय स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस किती झिजलाय, बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे डाग किती आहेत, पाण्याची अरुंद वाट कुठे बुजली आहे का, हेही कळतं. त्यासाठी आवाजाच्या बोगद्यात अर्धा तास न हलता पडून राहावं लागतं. शक्य असेल त्याने एमआरआयच करावा, हे माझं मत. शक्य नसेल तर हताश होऊ नका: सीटीच्या पातळ कापांतून कम्प्युटरवर उभा छेद काढून कोन मोजता येतो. फक्त तो मोजून रिपोर्टमध्ये लिहा असं आधी सांगावं लागतं, नाहीतर बहुतेकदा कुणी मोजत नाही. आणि ‘डेश’ नसला म्हणून आजार नाहीच, असंही ठरत नाही.

चाल आणि चित्र जुळलं की पाणी काढून बघण्याची पाळी. साध्या चाचणीत मणक्यातून ३० ते ५० मिली पाणी काढतात, आधी आणि नंतर घड्याळ लावून चालवतात. सुधारणा दिसली तर शंटचा उपयोग होण्याची आशा चांगली. दिसली नाही तर मात्र दार बंद होत नाही, ही चाचणी बरेच रुग्ण चुकवते. तेव्हा दुसरा मार्ग असतो: बारीक नळी ठेवून साधारण तीन दिवस हळूहळू पाणी काढणं. ही चाचणी जास्त रुग्ण पकडते, पण रुग्णालयात राहावं लागतं, जंतुसंसर्गाचा धोका असतो आणि गोंधळलेला माणूस रात्री नळी ओढून काढू शकतो. म्हणून आधी साधी, ती फसली आणि संशय दाट असला तरच दुसरी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींआधी सांगा.

शंटबद्दल २०२५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग डोळ्यांसमोर ठेवा. ९९ रुग्णांना शंट बसवले, पण काहींचा व्हॉल्व्ह (पाणी किती सोडायचं ते ठरवणारी झडप) जवळपास बंद ठेवला. तीन महिन्यांनी चालू शंटवाल्यांचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला होता, इतरांचा ०.०३ ने. पडण्याचं प्रमाण २४ टक्के विरुद्ध ४६ टक्के. पण कवटीखाली रक्त साचणं १२ टक्के विरुद्ध २ टक्के, आणि बुद्धीत किंवा लघवीत तेवढ्या काळात ठळक फरक नाही. वडिलांचं चालणं सुधारावं म्हणून शंट करत असाल तर बाजू भक्कम आहे. त्यांचं विसरणं थांबावं एवढ्यासाठीच करत असाल तर डॉक्टरांशी पुन्हा बोला.

व्हॉल्व्ह बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारा असेल, तर पुढच्या प्रत्येक एमआरआयनंतर त्याची सेटिंग तपासून घ्यावी लागते, कारण काही व्हॉल्व्ह मशीनच्या चुंबकाने सरकतात. त्याचं कार्ड रुग्णाच्या पाकिटात ठेवा.