काचेचा रबरी वायपर: काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. खिडक्यांच्या काचा मोठ्या आणि सलग असतील तर हा वायपर घ्याच. छोटी छोटी तावदानं असतील तर नका घेऊ, त्याला फडकंच बरं.

माझा ३५ सेंटिमीटर रुंदीचा आहे. स्टीलची मूठ आणि खाचेत सरकवून बसवायची रबराची पट्टी, एवढंच. मूठ कशीही असली तरी चालतं, खरं काम पट्टीच्या धारेचं. फरशीवरचं पाणी ओढायचा वायपर काचेला लावून भागेल असं कुणाला वाटत असेल, तर तो नाद सोडा. त्याचं रबर जाड असतं, काचेवर पाण्याचा थर सोडतं.

काच पुसून झाल्यावर ज्या रेघा दिसतात तो बहुतेक वेळा मळ नसतोच. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आणि साबणाचा अंश, पाणी वाळलं की काचेवर बसतो. फडक्याने घासत राहिलं की तोच पातळ थर आपण इकडून तिकडे फिरवतो. वायपर पाणीच खाली उतरवून घेतो, मग काचेवर वाळायला काही उरत नाही. म्हणून भर उन्हात तापलेली काच धुवायला घेऊ नये. रबर फिरायच्या आत पाणी सुकतं.

साबण किती, यावर सगळं अडतं. अर्धी बादली पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब, बस. फेस दिसायला छान, पण रेघांचं मूळ तोच. आधी कोरडी धूळ झटकून घ्यायची, नाहीतर रेतीचे कण ओल्या काचेवर घासले जाऊन ओरखडे पडतात. मग काच ओल्या फडक्याने नीट भिजवायची. आता महत्त्वाचं: वरच्या कडेला बोटभर रुंदीची पट्टी फडक्याने कोरडी करून घ्यायची आणि वायपर तिथे टेकवायचा. ओल्या जागेवर टेकवला तर रबर सुरुवातीलाच थरथरतं आणि आडवी रेघ उमटते. वायपर किंचित तिरका धरून, एकसारख्या दाबाने, न थांबता खाली आणायचा. प्रत्येक ओढीनंतर रबर पुसायचं. पुढची ओढ आधीच्या कोरड्या पट्ट्यावर थोडी चढवून घ्यायची. आळस केला की दोन ओढींच्या मध्ये पाण्याची बारीक उभी रेघ राहिलीच म्हणून समजा.

एक युक्ती फार कामाची. बाहेरची बाजू उभी ओढायची, आतली आडवी. नंतर एखादी रेघ दिसली तर ती कुठल्या बाजूची हे लगेच कळतं, दोन्ही बाजू पुन्हा घासत बसावं लागत नाही.

आता तक्रारी. हात उंच केला की पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत येतं, बाह्या दुमडूनच काम करा. कोपऱ्यांत वायपर पोचत नाही, तिथे मायक्रोफायबरचं कोरडं फडकं हवंच. (ते धुताना सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर फडक्यावर बसतो आणि तिथून काचेवर येतो.) गज असलेल्या खिडकीत वायपर फिरवायला जागाच नसते, उगाच चिडचिड. आरशाला मी हा लावत नाही. पाणी कडेतून मागच्या लेपापर्यंत गेलं की काळे डाग पडतात, त्यामुळे तिथे ओलसर फडकं पुरे.

न्हाणीघराच्या काचेवरचे जुने पांढरे डाग मात्र वायपरने जात नाहीत, त्यासाठी व्हिनेगर लागतं. भिजवून थोडा वेळ ठेवायचं, मग घासून धुवायचं. आसपास संगमरवर असेल तर जपून, व्हिनेगरने तो खराब होतो. रोज अंघोळीनंतर काच एकदा ओढून घेतली तर हे डाग साचतच नाहीत. खरं तर माझा वायपर सगळ्यात जास्त तिथेच वापरला जातो.

घेताना पट्टी वेगळी मिळते ना, एवढं नक्की विचारा. रबराची धार घासते, एखादा खळगा पडला की प्रत्येक ओढीत त्याच जागी रेघ येते. पट्टी काढून उलटी बसवली की दुसरी धार वापरता येते. माझी आता उलटी करून झाली आहे, पुढच्या वेळी नवीनच घालावी लागेल. मुठीला अजून काही झालेलं नाही.