चंद्रावरच्या हॅसलब्लाडची चालती प्रतिकृती, मुक्काम सावंतवाडी

अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी जुलै १९६९ मध्ये चंद्रावर वापरलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याची प्रतिकृती मी सावंतवाडीच्या एका मेस्त्रींकडून बनवून घेतली. किंमत २८,००० रुपये. मालवणात आमचा फोटो स्टुडिओ होता, लग्नाचे रोल धुण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू मला नकोच होती. रोल भरला की फोटो यायला हवा, एवढी एकच अट घातली. मेस्त्री म्हणाले, "फोटो येतलो, पण घाई करू नकात." पाच महिने लागले. फोटो येतात, आणि छान येतात.

सांगाडा फणसाच्या लाकडाचा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि चंदेरी रंग. मूळ कॅमेरा चंद्रावरच्या कडक उन्हात तापू नये म्हणून चंदेरी होता. पत्र्याचे सांधे इतके सफाईने बसवलेत की बोट फिरवलं तरी कड लागत नाही.

मूळ कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची सोय नव्हती. हेल्मेट घातलेला माणूस बघणार कसा? कॅमेरा स्पेससूटच्या छातीवर अडकवायचा आणि अंगानेच नेम धरायचा. मेस्त्रींनी तसाच छातीवर बांधायचा पट्टा दिलाय, आणि फोकसच्या रिंगला जाड हातमोजे घालूनही कळतील अशा खाचा पाडल्यात. भिंग मात्र याशिका मॅट या जुन्या कॅमेऱ्याचं आहे, ८० मिलिमीटरचं. मूळचं भिंग त्साइस कंपनीचं बायोगॉन, ६० मिलिमीटरचं, ते कुठून आणणार? चौकट त्यामुळे अरुंद होते आणि सुरुवातीला माणसांची डोकी कापली जातात. छाती किती वळवायची हे अंगात मुरायला वेळ लागतो. हेच या कॅमेऱ्याचं खरं देणं आहे असं मला वाटतं. नील आर्मस्ट्राँगने टिपलेली चौकट किती अवघड होती, हे वाचून कळत नाही.

आता फुल्यांबद्दल. चंद्रावरच्या फोटोंत बारीक काळ्या फुल्या दिसतात ना, त्या फिल्मच्या अगदी पुढ्यात बसवलेल्या काचेवर कोरलेल्या होत्या. पाच ओळींत पाच, एकूण २५, एकमेकींपासून १० मिलिमीटरवर. फोटोवरून अंतरं मोजता यावीत आणि फिल्म ताणली गेली असेल तर तेही कळावं, यासाठी. मेस्त्रींनी ही काच खरीखुरी बसवलीय, प्रिंटवर मागाहून फुल्या काढायची पळवाट घेतलेली नाही. मी मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीपासून टेपने ८ मीटर मोजून आडवा फोटो काढला. ८० मिलिमीटरच्या भिंगातून तेवढ्या अंतरावर दोन फुल्यांमधली जागा जवळजवळ १ मीटर भरते. निगेटिव्हवरून होडीचा मधला भाग मोजला, मग टेप लावली. चार बोटांचा फरक आला. मला तो क्षण फार आवडला.

पण याच काचेमुळे पावसाळ्यात त्रास होतो. चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे काचेवरून फिल्म सरकताना साठलेली स्थिर वीज निघून जायला वाट नव्हती. ठिणगी पडली तर फिल्मवर डाग. म्हणून त्या काचेला फिल्मच्या बाजूने वीजवाहक पातळ थर दिला होता. आपल्याकडे सगळं उलट. जूननंतर हवा इतकी दमट की फिल्म फुगते आणि काचेला चिकटते. माझा एक रोल त्यात फाटला. मेस्त्रींना सांगितलं, तर त्यांनी दाब कमी करणारी नवी स्प्रिंग बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. तरीही श्रावण संपेपर्यंत कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यातच ठेवा, नाहीतर भिंगाला बुरशी धरेल.

बाकी बारीकसारीक. मोटर सेलवर चालते आणि सेल उतरले की फ्रेम एकमेकींवर चढतात. यात साधा १२० चा रोल लागतो, म्हणजे १२ फोटो. मूळ मॅगझिनमध्ये ७० मिलिमीटरची पातळ फिल्म असायची आणि रंगीत १६० फोटो मावायचे. रोल मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात. घरी धुता येत नसतील तर हा खर्च आधी जोखा.

कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाने किंवा फिल्म धुता येणाऱ्या कुणीही जरूर घ्यावा. मागणी दिवाळीनंतर नोंदवा, म्हणजे कॅमेरा उन्हाळ्यात हातात येईल.

मेस्त्रींच्या बाकावर सध्या १९५९ च्या ल्यूना ३ चा कॅमेरा आहे. चंद्राची पलीकडची बाजू पहिल्यांदा दाखवणाऱ्या त्या यानात ३५ मिलिमीटरची फिल्म आतल्या आत धुतली आणि वाळवली जायची, मग प्रकाशाच्या ठिपक्याने वाचून रेडिओवरून पृथ्वीवर पाठवली जायची. धुण्याचा भाग जमलाय. वाळवण्याचा अडलाय, कारण डब्याच्या आत हवाच ओली. मी आगाऊ रक्कम देऊन ठेवली आहे.