पिवळी पावडर आणि रिन्सलेस वॉश: वापरून काय वाटलं

झाडांना फुलोरा आला की गाडीवर जी पिवळसर हिरवट पावडर, म्हणजे परागकण, बसायला लागते ना, ती धुवायची कशी यावर इतके सल्ले मिळतात की डोकं फिरतं. रोज पाइप लावून शाम्पूने धुणं काही शक्य नसतं, पाणीही जातं आणि वेळही जातो, आणि धुतलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत तशीच. त्यात गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर मग संपलंच. म्हणून रिन्सलेस वॉश वापरायला घेतलं आणि आता त्यावर नीट मत बनलंय, तर लिहितो.

आधी हे आहे काय ते सांगतो कारण बरेच जण वॉटरलेस आणि रिन्सलेस यात गोंधळ करतात. वॉटरलेस म्हणजे तयार स्प्रेची बाटली, पॅनलवर मारायचं आणि पुसायचं. रिन्सलेस म्हणजे घट्ट लिक्विड असतं, त्याचं अगदी थोडं प्रमाण बादलीभर पाण्यात टाकायचं, त्या पाण्यात भिजवलेल्या मायक्रोफायबरने गाडी पुसायची आणि लगेच कोरडी करायची, नंतर पाणी मारायचं नाही. या प्रकारातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव ऑप्टिमम नो रिन्स, त्याचं प्रमाण १:२५६, म्हणजे ४ लिटर पाण्याला साधारण १५-१६ मिली. एवढंसं टाकून काय होणार असं वाटतं आणि मग माणसं हात सैल सोडतात. सोडू नका. जास्त टाकलं की काच आणि पेंट दोन्हीवर तेलकट पट्टे राहतात आणि ते पुसत बसायला दुप्पट वेळ जातो. फेस येत नाही, तोही धक्का आधीच पचवून ठेवा. आपल्याला फेस दिसला की काम होतंय असं वाटतं, पण इथे काम करतात ते त्यातले पॉलिमर, ते धुळीच्या कणांभोवती गुळगुळीत थर तयार करतात म्हणजे फडकं फिरवताना कण पेंटवर घासला जात नाही. निदान कमी घासला जातो. शून्य म्हणणारे विकणारे असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या मते या सगळ्या सेटअपमध्ये बाटलीपेक्षा पंप स्प्रेअर महत्त्वाचा आहे, तोच साधा हाताने हवा भरायचा दीड-दोन लिटरचा, झाडांवर औषध मारायला वापरतात तो. त्यात तेच रिन्सलेसचं पाणी भरायचं आणि फडकं लावायच्या आधी पॅनल चिंब करायचा. नुसतं ओलसर नाही, चिंब. बोनेटवर मारून मिनिट-दोन मिनिटं थांबलात की दिसेल, पिवळा थर जागचा सुटतो, त्याचे बारीक ओघळ ग्रिलच्या दिशेने सरकायला लागतात आणि खालच्या कडेला, नंबर प्लेटच्या वर, पिवळं पाणी साचून टपटप पडायला लागतं. जे असं पडलं ते फडक्यात येणार नाही, म्हणजे ते पेंटवर घासलंही जाणार नाही. एवढा साधा हिशोब आहे. मग फडकं फक्त ठेवायचं आणि सरळ रेषेत ओढायचं, दाब द्यायचा नाही, गोल गोल तर अजिबात फिरवायचं नाही. फडक्याच्या घड्या घालून आठ बाजू करून घ्या. पहिल्या ओढीतच ती बाजू मोहरीसारखी पिवळी होते, की लगेच पुढची बाजू. मळलेलं फडकं परत त्याच बादलीत बुडवायचं नाही, बाजूला टाकायचं, म्हणून पाच-सहा फडकी आधीच भिजवून ठेवलेली बरी.

आणि सुरुवात छतापासून. दाराचा खालचा भाग आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, तिथे पराग कमी आणि रस्त्याची माती जास्त असते.

कोरडं फडकं मारणाऱ्यांबद्दल एक बोलायचंय. सकाळी निघायच्या घाईत पिसांचा झाडू नाहीतर जुना टी-शर्ट घेऊन फटाफट झटकतात आणि गाडी चमकते पण, नाही म्हणत नाही. परागकण तसे छोटेच, बहुतेक १० ते १०० मायक्रॉनमधले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पण त्यांचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं आणि ते निसर्गातल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक आहे, लाखो वर्षांपूर्वीच्या गाळात परागकणांची कवचं अजून सापडतात ती त्यामुळेच. तरी खरा गुन्हेगार पराग नाही असं मला वाटतं, खरा गुन्हेगार त्याच थरात मिसळलेली रस्त्याची बारीक वाळू. पराग दिसतो, वाळू दिसत नाही. आणि आपला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असतो ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, त्यातला थोडा थोडा रोज सकाळी झटकून घालवायचा की काय ते तुम्हीच ठरवा. शिवाय कोरडं घासल्यावर पृष्ठभागावर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, तयार होतं आणि धूळ परत ओढली जाते. मळक्या गाडीवर कव्हर टाकणं पण त्यातलंच, वारा सुटला की ते कव्हर रात्रभर घासत बसतं.

बरं, आता रिन्सलेसला काय जमत नाही ते. एक म्हणजे जाड थर. चार-पाच दिवस गाडी झाडाखाली उभी राहिली आणि वर चिखलाचे शिंतोडे पण आहेत, तर स्प्रेअर कितीही मारा, आधी पाइपने किंवा प्रेशरने धुवूनच घ्यावी लागते. तेव्हा मी सरळ पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) शाम्पू आणि पाणी, दुसरं काही नाही. भांडी घासायचं लिक्विड नको, त्याने वॅक्स उतरतं. झाडाचा चीक आणि पक्ष्यांची शिट हे सुद्धा रिन्सलेसच्या आवाक्यातलं नाही, शिट तर सीझन असो नसो दिसल्या दिसल्या ओलं फडकं ठेवून भिजवून काढा.

दुसरं म्हणजे डाग. हे जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. कोरडा पराग पेंटला फार काही करत नाही, त्रास सुरू होतो तो भिजल्यावर. कण पाणी पिऊन फुटतो, आतलं प्रथिन आणि पेक्टिन (वनस्पतींतलं चिकट द्रव्य) बाहेर येतं, वर ऊन पडलं की ते सुकून पेंटला धरून बसतं आणि सुकताना क्लिअर कोटचा वरचा थर ओढतं. मग पाण्याच्या थेंबांच्या आकाराचे फिकट कडांचे डाग दिसतात, साबणाने जात नाहीत, रिन्सलेसने तर नाहीच नाही. बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे. यावर चालतो तो उपाय म्हणजे गरम पाणी, पेक्टिन साधारण ७० अंशांच्या आसपास सैल पडतं म्हणून तेवढ्या गरम पाण्यात भिजवलेलं फडकं डागावर काही मिनिटं ठेवायचं, हलकंच पुसायचं, गरज पडली तर परत. हातमोजे घाला हो. उकळतं पाणी ओतू नका, थंड काचेच्या जवळ तर नकोच, आणि पेंटवर रॅप किंवा पीपीएफ (पेंट जपायला चिकटवलेली फिल्म) असेल तर ज्याने लावलंय त्याला विचारल्याशिवाय हा उद्योग करू नका. त्यानेही नाही गेलं तर मग पॉलिश, म्हणजे परत क्लिअर कोट थोडा कमी.

म्हणून माझं वेळापत्रक उलटं आहे, लोक पाऊस पडून गेल्यावर धुतात, मी रिमझिम येणार असं दिसलं की आदल्या दिवशी धुतो. धो धो पाऊस असेल तर काही करायची गरज नाही, तो स्वतःच बराचसा थर घेऊन जातो. वाईट असते ती चार थेंबांची भुरभुर, पराग भिजतो पण वाहून जात नाही आणि नंतर कडक ऊन.

वेळेचं म्हणाल तर संध्याकाळी, पॅनल थंड असताना, सावलीत. उन्हात रिन्सलेसचं पाणी फडकं पोचायच्या आधीच सुकतं. आणि पूर्ण कोरडी करा, ओल्या गाडीवर पराग जास्त चिकटतो. कोरडं करायला मोठा ट्विस्टेड लूपचा टॉवेल बेस्ट.

कोटिंगवाल्यांसाठी पण सांगतो कारण हा प्रश्न नेहमी येतो. पेंट जपायला वर लावलेला थर सिरॅमिकचा असो वा वॅक्सचा, वर पराग बसतोच, 'चिकटतच नाही' वगैरे जाहिरातीत. फरक एवढाच की धुताना लवकर सुटतो. सीझनच्या मध्यात अचानक पाण्याचे गोल थेंब होणं बंद होतं आणि लोक घाबरतात की कोटिंग गेलं, पण बहुतेक वेळा वर पराग-धुळीचा थर असतो, नीट धुतली की थेंब परत दिसायला लागतात. एक 'पराग-प्रतिबंधक' म्हणून विकला जाणारा स्प्रे पण आणला होता, नाव घेत नाही, वास छान होता.

सांधे-कोपऱ्यात मात्र रिन्सलेस पूर्ण नापास. वायपरखालची जाळी, डिक्कीची पन्हळ, पेट्रोलच्या झाकणाच्या आत, सनरूफच्या कडा, इथे पराग आणि सुकी पानं मिळून लगदा होतो आणि पाणी जायची भोकं तुंबतात. तिथे मऊ ब्रश आणि ब्लोअरच पाहिजे. पेंटचा विषय नाही पण जाता जाता, एसीचा केबिन फिल्टर पण याच दिवसांत बघा, काढल्यावर गाडीबाहेरच झटका. शिंका येणाऱ्याने तर तो दुसऱ्याकडूनच बदलून घ्यावा.

कंटाळा येतो तो फडक्यांचा. धुणं वेगळं, कपड्यांत टाकायची नाहीत, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, कमी हीटवर वाळवायची, आणि जमिनीवर पडलं ते फडकं पेंटसाठी बाद, चाकांना वापरा. हे सांभाळणार नसाल तर महागातलं लिक्विड घेऊन काही उपयोग नाही.

पाचपैकी चार देईन. एक मार्क डागांच्या बाबतीत बाटलीवर ज्या गप्पा मारलेल्या असतात त्यासाठी कापला. गडद रंगाची गाडी, उघड्यावर पार्किंग, पाण्याची ओढाताण असेल तर डोळे झाकून घ्या, पण त्याच ऑर्डरमध्ये स्प्रेअर पण टाका. गाडी पांढरी किंवा सिल्व्हर असेल, दारात पाइप असेल आणि आठवड्यातून एकदा धुवायला जमत असेल तर उगाच घेऊ नका, पाइप आणि शाम्पू पुरे.