धारेच्या मशीनचं टेबल किती उंच? दोन छाटण्या काढल्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये टेबल बनवून घेतलं, त्यावर द्राक्षबागांची एप्रिलची खरडछाटणी (काडी तयार करायची) निघाली, आता ऑक्टोबरची गोडछाटणी (फळाची) पण निघाली, म्हणजे बोलायला हरकत नाही. मी नाशिकला सातपूरमध्ये असतो, फर्निचरचं काम करतो, आणि सिझनला दिंडोरी-निफाडकडच्या ओळखीच्या बागाईतदारांच्या छाटणीच्या कात्र्या येतात धारेला, गोणपाटात गुंडाळून. मशीन दोन आहेत. एक साधा सहा इंची बेंच ग्राइंडर, 2800 आरपीएमवाला, आणि दुसरं पाण्यातलं, दहा इंची दगडाचं, ते मिनिटाला 90 च फेरे मारतं. पटाशा, रंध्याची पाती, कात्र्या सगळं त्या पाण्याच्या मशीनवर.

जो येतो तो विचारतो टेबल किती इंचाचं केलं. अरे पण हात टेबलावर नसतो ना, दगडावर असतो. माझ्या पाण्याच्या मशीनचा दगड टेबलापासून फूटभर वर येतो. म्हणजे सुतारकामाच्या नेहमीच्या 34 इंची टेबलावर ते ठेवलं की दगडाचा माथा गेला 46 इंचावर आणि माझं कोपर आहे 42 ला (उंची पाच फूट सात). कोपराच्या वर हात धरून दाब द्यायचा म्हणजे खांदे चढणार, कोपरं बाहेर फाकणार, पाच-सहा कात्र्या होईस्तोवर काही वाटत नाही पण गोणपाट अर्धं रिकामं व्हायच्या आत मानेच्या मागे असं काही धरतं की विचारू नका. आणि ते धारेवर पण दिसतं बरं का, थकलेला हात पटाशीच्या एकाच कोपऱ्यावर जास्त दाबतो, गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून बघितलं की धार तिरकी.

म्हणून कोपरापासून खाली मोजत आलो. उभ्यानं करायच्या हलक्या कामाला हात कोपराच्या चार ते सहा इंच खाली चांगला चालतो आणि बारीक नजरेच्या कामाला उलट कोपराच्या दोन-चार इंच वर, हा सगळीकडे चालणारा हिशोब आहे. गोम अशी की धार लावण्यात दोन्ही आलं. दाब द्यायचा तर खाली पाहिजे आणि बर (घासताना धारेच्या पलीकडं वळून येते ती बारीक कड) आली का बघायची तर डोळ्याजवळ पाहिजे. मी दाबाच्या बाजूनं गेलो, कारण पातं उचलून डोळ्यासमोर धरता येतं, दगड उचलता येत नाही. दगडाचा माथा 38 धरला, म्हणजे टेबल आलं 26 इंच. फॅब्रिकेटर म्हणे, दादा बसायला करताय का हे?

पण फरक खरंच पडला. आता हात दगडावर नुसता ठेवला तरी त्याच्या वजनानंच निम्मं काम होतं. द्राक्षाच्या कात्रीला एकाच बाजूनं धार असते, मागची बाजू सपाटच ठेवायची, तिथं फक्त बर काढायची. आधी रॉकेलच्या फडक्यानं चीक पुसायचा, मग पातं टेकवायचं आणि त्याच्या बाकानुसार मनगट हळूहळू वळवत न्यायचं. हे वळवणं कोपर अंगाजवळ असेल तरच एकसारखं होतं, हात वर असला की मनगटाऐवजी खांदा वळतो आणि टोकाकडची धार सुटते.

बेंच ग्राइंडरला मात्र हे 26 इंच अजिबात चालणार नाही. त्याचा शाफ्ट (दगड फिरतो तो दांडा) टेबलापासून जेमतेम पाच इंचावर, टूलरेस्टही (हत्यार टेकवायची पट्टी) तिथंच. तिथं वरून दाबायचं नसतं, टूल रेस्टवर सपाट धरून हलकं पुढं न्यायचं आणि नजर ठिणगी निघते त्या जागेवर. टेबल खाली असलं की माणूस वाकतो आणि तोंड सरळ ठिणग्यांसमोर येतं. रेस्ट आणि दगडातली फट पण वाकून नीट दिसत नाही, ती 3 एमएमच्या वर जाऊ द्यायची नसते. म्हणून त्याला रेस्ट 39 आणि टेबल 34 ठेवलं. एकाच फ्रेमला दोन पातळ्या, मध्ये प्लायचा आडोसा, कारण सुक्या दगडाची कच पाण्याच्या ट्रेमध्ये गेली की पात्यावर ओरखडे आलेच म्हणून समजा. खर्च मजुरी-अँगल धरून साडेपाच हजार, वरची फळी घरचीच. पाय मात्र एक सूतभर आखूड निघाला, फॅब्रिकेटरनं "रबर लावा" म्हणून हात वर केले. लावला रबर, काय करणार.

मोजताना रोजचीच चप्पल नाहीतर बूट घालून मोजा, सेफ्टी शूजनं इंचभर फरक पडतो. हात सरळ सोडायचा, कोपर काटकोनात वाकवायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत टेप. आणि वेल्डिंगच्या आधी एखाद्या बुटक्या टेबलावर प्लायचे तुकडे रचून, क्लॅम्प मारून निदान दोन दिवस काम करून बघा.

त्रास एका ठिकाणी आहेच. पाण्याच्या मशीनच्याच शाफ्टवर असलेल्या चामड्याच्या चाकावर पॉलिश करताना चाक धारेपासून लांब फिरलं पाहिजे, नाहीतर पातं चामड्यात घुसतं, त्यामुळे समोरून धरावं लागतं आणि हात शाफ्टच्या लेव्हलला येतात, म्हणजे 33 इंच, पार खाली. उभ्यानं कंबर धरते. मी स्टूलवर बसून करतो. तुमचं पॉलिशचं काम जास्त असेल तर टेबल दोन इंच वर घ्या.

लाईट डावीकडून, खालच्या अँगलनं. डोक्यावरच्या ट्यूबमध्ये बर दिसतच नाही. आणि काम झालं की पाण्याचा ट्रे काढायचा, दगड एका बाजूनं भिजत राहिला तर पुढच्या वेळी गडगडतो.

दोघं काम करणार असाल तर टेबल बुटक्या माणसाच्या मापाचं करा. माझा भाचा सहा फुटी आहे, तो आला की मशीनखाली तीन इंचाचा प्लायचा थर घालतो, चार बोल्ट, झालं. उलटं केलं असतं तर मला ओल्या फरशीवर पाट टाकून त्यावर उभं राहावं लागलं असतं, चालू मशीनसमोर.